पोर्चच्या छताखाली कोळशाची शेगडी: धूर घरात येतो, शीट वाकते, डोकं दुखतं, तेव्हा काय तपासायचं

पोर्च आणि गच्चीवरच्या शेडचं फॅब्रिकेशन हा माझा व्यवसाय. पुण्याच्या बाणेर, सूस, बावधन, धायरी, वाघोली अशा भागांतल्या रो-हाउस आणि बंगल्यांना पत्रे, पॉलिकार्बोनेट, फायबर शीट बसवून देतो. गटारी उरकली की आणि नवीन वर्ष लागलं की ठरावीक तक्रारींचे फोन सुरू होतात. ‘शीट मधोमध खाली आलीय, बदलून द्या.’ ‘बार्बेक्यू लावला की सगळा धूर हॉलमध्ये भरतो, पोर्चला एक्झॉस्ट बसवता येईल का?’ ‘छताला भोक पाडून पाइप काढून द्या.’ शीट बदलून दिली तरी पुढच्या वर्षी त्याच घरून तोच फोन येतो, कारण शीट बदलली तरी शेगडीची जागा तीच राहिलेली असते.

म्हणून उत्तर आधी सांगतो. माणसं छताखाली बसू द्या, शेगडी छताबाहेर काढा. वळचणीच्या, म्हणजे पागोळ्या पडतात त्या रेषेच्या आत पेटता कोळसा येऊ द्यायचा नाही. हे न करता केलेला कुठलाही उपाय मी टिकलेला पाहिलेला नाही, आणि त्यातले काही उपाय तर धोका वाढवतात. कोणते आणि का, ते पुढे लिहितो.

लोक शेगडी पोर्चमध्ये का ओढतात हे मला कळतं. गटारी म्हणजे आषाढ अमावास्या, ऐन पावसात. श्रावण लागायच्या आत मंडळी जमवायची आणि बाहेर तर धो-धो चाललेलं. थंडीत ३१ डिसेंबरला पाऊस नसतो, पण दव पडतं, गारठा असतो आणि पोर्चमध्ये दिवा, प्लग पॉइंट, टेबल सगळं हाताशी असतं. शाकाहारी घरांतही तेच: कणसं, रताळी, पनीर, भरताची वांगी. पदार्थ कुठलाही असो, निखारा निखाराच.

धूर बाहेर न जाता घरातच का येतो?

शेगडीवरची गरम हवा सरळ वर जाते. छताला धडकली की ती तळाला चिकटून चारी बाजूंना पसरते आणि कडेपर्यंत जाऊन बाहेर पडायला बघते. आपल्याकडच्या बहुतेक पोर्चना कडेला बीम असतं किंवा स्लॅबची पडदी खाली उतरलेली असते, नऊ इंच, कधी फूट-सव्वा फूट. शेडच्या पत्र्यालाही पुढून फॅशिया पट्टी मारलेली असते, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. छत मग उलट्या ठेवलेल्या परातीसारखं होतं. धूर आधी ती परात भरतो आणि मगच कडेवरून सांडतो. तेवढ्या वेळात धुराचा थर खाली खाली येत माणसांच्या डोक्याच्या उंचीला पोचलेला असतो, आणि हॉलच्या दाराची चौकट त्याच उंचीवर असते.

त्यात पोर्चची रचना बघा. मागे घराची भिंत, एका बाजूला शेजाऱ्याची सामाईक भिंत, दुसरीकडे जिना किंवा ग्रिल. उघडी बाजू एकच. एका बाजूने उघड्या जागेत हवा आरपार जात नाही, तिथल्या तिथे फिरते. पावसाळ्यात पुण्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येचा, त्यामुळे पोर्चचं तोंड तिकडे असेल तर वारा धूर बाहेर नेण्याऐवजी आत ढकलतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटी अडचण: वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार, त्यामुळे धूर वर चढून विरतच नाही. अशा रात्री शेकोटीचा धूर गल्लीत कंबरेच्या उंचीवर तरंगताना दिसतो, तोच हा प्रकार.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण, जे कुणाच्या ध्यानीमनी नसतं: स्वयंपाकघरातली चिमणी. बाहेर कोंबडी भाजायला ठेवलेली असते आणि आत ओट्यावर भाकऱ्या किंवा रस्सा चालू असतो, म्हणून चिमणी फुल स्पीडवर. आजकालच्या घरगुती चिमण्यांची ओढ तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा अशी जाहिरातीत लिहिलेली असते. प्रत्यक्षात थोडी कमी धरा, तरी एवढी हवा घराबाहेर फेकली जाते तेव्हा तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. पाऊस म्हणून खिडक्या बंद, उघडं असतं ते पोर्चचं दार. त्यामुळे चिमणी पोर्चमधली हवा, धुरासकट, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत ओढून नेते. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू असेल तर तोही हेच करतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. कोळसा पेटवण्याआधी शेगडीच्या जागी एक उदबत्ती लावून धरा. आधी घरातले सगळे पंखे, चिमणी, एक्झॉस्ट बंद ठेवून धूर कुठे जातो ते बघा. मग स्वयंपाकघरातली चिमणी लावा आणि पुन्हा बघा. उदबत्तीचा धूर दाराकडे वाकला, तर निखाऱ्यांचाही तिकडेच जाणार. उपाय सोपा आहे: शेगडी पेटलेली असेपर्यंत चिमणी आणि एक्झॉस्ट बंद, पोर्चकडची दारं-खिडक्या बंद, येण्याजाण्यासाठी शक्यतो दुसरं दार. आणि हे शेगडी मोकळ्यावर असतानाही करायचं, कारण वारा फिरतोच.

पंखा लावला तर?

नका लावू. पोर्चच्या छताला टांगलेला पंखा वर साचलेला धूर पुन्हा खाली आणतो, निखाऱ्यांवरची राख उडवतो आणि ठिणग्या पसरवतो. टेबल फॅन बाजूने लावला की निखाऱ्याला जोराची हवा मिळते, धग एकदम वाढते आणि चरबी टपकत असेल तर भडका उडतो. पोर्चला भिंतीत एक्झॉस्ट बसवून द्या असं सांगणाऱ्यांना मी नाही म्हणतो. घरगुती एक्झॉस्टची मोटर आणि वायरिंग निखाऱ्याच्या धगीसाठी बनलेलं नसतं, आणि तेलकट धुराने पात्यांवर जमणारा थर स्वतःच पेट घेतो. स्वयंपाकघरातली चिमणी पोर्चमध्ये आणून लावणारेही भेटतात. तिच्या जाळीत साठलेलं तेल आणि खाली कोळशाची ठिणगी, ही जोडी जमवूच नये. त्या चिमण्या गॅसच्या शेगडीसाठी असतात.

पॉलिकार्बोनेटला भोक पाडून पत्र्याचा पाइप वर काढायचं कामही मी घेत नाही. तापलेला पाइप जिथे शीटला टेकतो तिथे शीट वितळते, आणि पावसाळ्यात त्याच जागेतून गळती सुरू होते.

धूर गेला, मग काळजी संपली का?

हा भाग कृपा करून पूर्ण वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

कोळसा पेटताना धूर होतो, डोळे चुरचुरतात, सगळे तक्रार करतात. वीस-पंचवीस मिनिटांनी कोळशावर राखाडी थर येतो, धूर थांबतो, आणि लोक म्हणतात, ‘चला, आता आत ओढायला हरकत नाही.’ नेमका इथून पुढचा काळ जास्त धोक्याचा. ज्वाला नसलेला, लालबुंद धुमसणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. धूर निदान सांगून येतो, हा वायू काहीच सांगत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ती जागा अडकून पडते. हवेपेक्षा तो किंचित हलका असतो आणि गरम हवेबरोबर वर जातो, म्हणजे पुन्हा छताखालीच साठतो. निखारे विझत आले, राखेखाली दबले, हवा कमी मिळायला लागली की ज्वलन आणखी अपुरं होतं. म्हणून जेवणं उरकल्यावर ‘विझत आलीच आहे’ म्हणून कोपऱ्यात सरकवलेली शेगडी निरुपद्रवी समजू नका.

पोर्चच्या तिन्ही बाजू उघड्या असतील तर वायू साचायची शक्यता कमी, हे खरं. पण पावसाळ्यात आपण करतो काय? झड येते म्हणून ताडपत्री किंवा पारदर्शक प्लास्टिकचे पडदे खाली सोडतो. वाऱ्याने उडू नयेत म्हणून खाली विटा ठेवतो. त्या क्षणी पोर्च राहत नाही, ती बंद खोली होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे काय, हे उत्तर भारतातून दर थंडीत येणाऱ्या बातम्यांतून आपण वाचत असतो: रात्री उबेसाठी शेगडी आत घेतली आणि सकाळी कुटुंब उठलंच नाही. पडदे खाली, तर शेगडी विझलेली हवी. यात मधला मार्ग नाही.

डिसेंबरमध्ये आणखी एक सवय दिसते. जेवणानंतर उरलेले निखारे घमेल्यात घेऊन मंडळी हॉलमध्ये गप्पा मारत शेकत बसतात, किंवा आजीच्या खोलीत ऊब म्हणून ठेवतात. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची असा दाखला दिला जातो. ती घरं वेगळी होती, कौलारू, फटींमधून वारा खेळणारी. आजच्या स्लायडिंग खिडक्यांच्या, रबरी पट्ट्या लावलेल्या घट्ट खोल्यांत ती हिंमत करू नका.

लक्षणं कशी ओळखायची? डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं, छाती भरून येणं, बोलण्यात गोंधळ. अडचण अशी की पार्टीच्या रात्री यातलं प्रत्येक लक्षण दारूवर, जड जेवणावर किंवा जागरणावर ढकललं जातं. फरक ओळखायची एक खूण आहे: एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, त्यात दारू न प्यायलेली माणसं किंवा मुलं असली, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटलं, तर कार्बन मोनॉक्साइडच धरून चाला. गरोदर बाई, लहान मुलं, हृदयाचा त्रास असलेले आजी-आजोबा यांना कमी प्रमाणातही इजा होते.

तेव्हा काय करायचं: सगळ्यांना आधी उघड्यावर न्या, मग बाकीचं. कुणी गुंगीत असेल, उलटी होत असेल, बोलणं अडखळत असेल तर १०८ ला फोन करा आणि ‘कोळशाच्या शेगडीजवळ होते’ हे शब्द आवर्जून सांगा, डॉक्टरांनाही सांगा. कोविडपासून घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, ते लावून ‘९८ दाखवतंय, ठीक आहे’ असं म्हणून निश्चिंत होऊ नका. साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे माणूस गंभीर असतानाही आकडा उत्तम दिसतो. खरं प्रमाण रुग्णालयात रक्त तपासूनच कळतं. मोकळ्या हवेत बसलं तरी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४ ते ६ तास जातात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच तास-दीड तासावर येतं. म्हणून ‘थोडा वेळ झोप, बरं वाटेल’ हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो.

ज्यांच्याकडे वारंवार असे कार्यक्रम होतात त्यांनी पोर्चला लागून असलेल्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा. घेताना ‘ईएन ५०२९१’ (EN 50291) हे युरोपीय मानक लिहिलेलं बघा. त्या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग) तास-दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. धुराचा अलार्म वेगळा, एलपीजी गळतीचा वेगळा. ते या कामाचे नाहीत. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणायची मुभा मिळत नाही.

छत वाकतं, काळं पडतं

नुसती काजळी असेल तर ती पुसता येते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, शीट पांढुरकी होऊन तडकते.

काजळीसोबत शीट झोळ खाऊन खाली आली असेल, किंवा रंग बदलून तपकिरी झाला असेल, तर ती बदलावी लागणार. निखाऱ्यांचं तापमान ६००-७०० अंशांच्या घरात असतं. पॉलिकार्बोनेट साधारण १३० ते १५० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं. शांत निखाऱ्यांवर रोजच्या उंचीच्या छतापर्यंत एवढी उष्णता पोचत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. पण मॅरिनेशनचं तेल आणि चरबी टपकून एक भडका उडाला की काही सेकंदांत छताखालचं तापमान भलतंच वर जातं. पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगची स्थिती आणखी नाजूक, ८० अंशांच्या आसपासच ते ढिलं पडतं. फायबर शीट आणि हिरवी शेडनेट तर पेट घेतात, आणि नेट वितळून थेंबथेंब खाली पडते, खाली कोण बसलंय ते न बघता.

पत्र्याचं छत पेटत नाही, पण पत्र्याखाली उष्णता रोखायला फोम चिकटवलेला असेल तर तो पेटतो. पत्र्याखाली लाकडी किंवा बांबूचा सांगाडा, कडेला बांबूची चटई, मनी प्लांटचा वाळका वेल, दिवाळीचा अजून न काढलेला आकाशकंदील, दसऱ्याचं वाळलेलं तोरण: पोर्चमध्ये वर नजर टाकली की हे सगळं दिसतं. आरसीसी स्लॅब या सगळ्यांत सुरक्षित, पण वायू साचायचा प्रश्न स्लॅबखालीही तसाच राहतो. स्लॅब आहे म्हणून सुटका नाही.

खालीही बघा. आपला पोर्च म्हणजे बहुतेक वेळा पार्किंग. दोन दुचाकी, एक गाडी, कोपऱ्यात भरलेला राखीव सिलिंडर, चपलांचा रॅक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटते, आणि जुन्या स्कूटरचं झाकण किंवा पाइप थोडा जरी पाझरत असला तरी ती निखाऱ्यापर्यंत येऊ शकते. शेगडीच्या दिवशी गाड्या रस्त्यावर, सिलिंडर दुसऱ्या बाजूला. शेगडी थेट फरशीवर ठेवू नका. शहाबादी किंवा कोट्याची फरशी ओल धरून असते, एकदम तापली की तिचा कपचा उडतो. खाली विटांचा थर द्या.

मग पावसात करायचं कसं?

अंतराचा अंदाज हवा म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या अग्निसुरक्षा संहितेत अनेक कुटुंबांच्या इमारतींसाठी नियम असा: शेगडी बाल्कनीत नाही, कुठल्याही पुढे आलेल्या छताखाली नाही, आणि इमारतीपासून १० फुटांच्या आत नाही. स्वतंत्र घरांना तो नियम तिथे सक्तीचा नाही, पण मी दहा फूट हेच माप धरतो. आपल्या रो-हाउसच्या पुढच्या मोकळ्या जागेत दहा फूट निघणं कठीण, हे मला माहीत आहे. तिथे छताच्या कडेपासून जेवढं बाहेर जाता येईल तेवढं जा, कंपाउंडच्या भिंतीकडे, आणि वर झाडाची फांदी किंवा केबल नाही ना ते बघा. तीन-चार फूटही मिळत नसतील तर त्या घरी कोळसा नको.

गच्ची मोकळी असेल तर ती चांगली जागा. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीपासून, सोलरच्या पाइपपासून आणि कपड्यांच्या दोऱ्यांपासून दूर. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर समितीला आधी विचारा. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र कधीच नाही. वरच्या मजल्याची बाल्कनी हे तुमच्या शेगडीचं छतच असतं, आणि धूर वरच्यांच्या बेडरूममध्ये जातो.

रिमझिम असेल तर झाकणाची, गोल किटलीसारखी शेगडी मोकळ्यावर आरामात चालते. झाकण बंद, वरची झडप अर्धी उघडी, आत कोळसा एका बाजूला आणि पदार्थ दुसऱ्या बाजूला. चरबी निखाऱ्यावर पडत नाही म्हणून भडकाही होत नाही आणि धूरही कमी. पोर्चमध्ये बसलेल्या माणसांतल्या एकाने छत्री घेऊन अधूनमधून पलटायला जायचं, एवढंच. बागेतली मोठी कापडी छत्री शेगडीवर उभी करायची कल्पना पुष्कळांना सुचते. ते कापड पेटतं, करू नका.

अचानक सर आली की हमखास होणारी धावपळ म्हणजे दोघांनी पेटती शेगडी उचलून पोर्चमध्ये पळणं. ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि निखारे अंगावर येतात. पेटलेली शेगडी हलवायचीच नाही. पदार्थ ताटात काढा, झाकण लावा, झडपा बंद करा, तिथेच राहू द्या. उघड्या ट्रेची शेगडी असेल तर आधीच पत्र्याचं झाकण बनवून जवळ ठेवा; बोहरी आळीत पत्राकाम करणारे मापाने करून देतात. उरलेलं आत गॅसवर तव्यावर भाजा. कोळशाचा वास हवाच असेल तर धुंगार द्या: बाहेर लाल केलेला एक निखारा वाटीत, त्यावर तुपाचा थेंब, पातेल्यावर झाकण, पाच मिनिटं. एवढ्यात चव येते आणि खिडकी उघडी ठेवली की झालं. निखारा लगेच पाण्यात विझवा.

मुसळधार असेल तर तारीख बदला किंवा सगळं गॅसवर करा. गटारीला रस्सा-भाकरी काही कमी पडत नाही.

धूर नेहमीपेक्षा जास्त आणि ठिणग्या फुटतात

हा बहुतेक वेळा कोळशाचा दोष. पावसाळ्यात कोळसा ओल खेचतो. ओला कोळसा धुमसतो, फुटतो, पेटायला वेळ लावतो, आणि लोक वैतागून त्यावर रॉकेल किंवा सॅनिटायझर ओततात. पेटत्या कोळशावर कुठलंही ज्वलनशील द्रव ओतू नका. ज्वाला ओघळाच्या दिशेने बाटलीपर्यंत चढते. मे महिन्यात कोळसा उन्हात वाळवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटा: पक्का कोळसा खणखणतो, कच्चा बद्द वाजतो आणि तोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसतं. कच्चा असेल तर धूर होणारच, शेगडीत कितीही बदल करा.

पेटवायला दोन्ही बाजूंनी उघडा, खालून भोकं पाडलेला पत्र्याचा उभा डबा वापरा. खाली कापराच्या दोन वड्या आणि नारळाची शेंडी, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरचे तुकडे राखाडी होतात. हेही मोकळ्यावरच, कारण सगळ्यात दाट धूर याच वेळी असतो.

चरबीने भडका घेतला तर पाणी मारू नका, तेल उडून ज्वाला पसरते. झाकण लावा, झडपा बंद करा. झाकण नसेल तर कोरडी वाळू. शेजारी वाळूची बादली आणि शक्य असेल तर एबीसी प्रकारचं अग्निशामक ठेवा. आग शेगडीबाहेर गेली, छताला किंवा गाडीला लागली, तर झुंजत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशीची आग

वरून राख पांढरी, हाताला थंड, आणि आत लाल निखारा: असं २४ तास, कधी त्याहून जास्त वेळही राहतं. रात्री उशिरा प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत रिकामी केलेली शेगडी पहाटे पोर्च पेटवू शकते. झाकण लावून झडपा बंद करून शेगडी रात्रभर बाहेरच ठेवा. सकाळी राख चिमट्याने उकरत पत्र्याच्या डब्यात काढा, लांब उभं राहून थोडं थोडं पाणी शिंपडा. एकदम ओतलं तर वाफ आणि राख तोंडावर येते. मग झाकण लावून आणखी एक दिवस डबा मोकळ्यावर, भिंतीपासून दूर.

कचरा न्यायला येणाऱ्या ताई बहुतेक वेळा हातानेच पिशव्या उघडून वेगळं करतात. त्यांच्या ढकलगाडीत अर्धी विझलेली राख गेली तर त्यांचे हात भाजतात आणि सगळी गाडी धुमसते. राख पूर्ण थंड झाल्यावर वेगळ्या पिशवीत बांधून, ‘यात राख आहे, काल विझवलेली’ असं सांगून त्यांच्या हातात द्या. थोडी बागेत घालायची असेल तर चालते, पण जपून. लाकडाची राख अल्कधर्मी असते, आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना मानवत नाही. आणि ज्या राखेवर चरबी, मीठ, मसाला भरपूर टपकलाय ती कुंडीत नकोच.